सुयांचा खर्च वाया जात नाही, अर्धवट काम महागात पडतं

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांनी लिहिलं होतं की करदात्यांच्या पैशातून गर्दुल्ल्यांना फुकट सुया कशाला वाटता. रुळांच्या कडेला सुया पडलेल्या दिसल्या की कोणालाही राग येणार, ते मला कळतं. पण मी नऊ वर्षं मुंबईत रेल्वे लाईनच्या बाजूला आउटरीचचं, म्हणजे नशा करणाऱ्यांपर्यंत जाऊन सुया पोचवायचं काम करतोय, तेव्हा हिशोब माझ्याकडूनपण ऐका.

चार पोरं एका सिरिंजवर बसलेली मी कितीदा बघितलीत. पहिला टोचतो, दट्ट्या मागे ओढला की रक्त सिरिंजमध्ये येतं, मग बाटलीच्या झाकणातल्या पाण्यात ती दोनदा खळबळायची आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची, चौथ्यापर्यंत ते पाणीच लालसर झालेलं असतं. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) २०२१ च्या पाहणीत इंजेक्शनने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास निघालं, देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ते साधारण ०.२ टक्के आहे. आणि ह्या पोरांना बायका आहेत हो, त्यांनी कधी सुई हातातपण धरलेली नसते.

एक सिरिंज काही रुपयांची. बावीस वर्षांच्या पोराला लागण झाली तर एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं, जन्मभर, रोज, वर टेस्ट, टीबी झाला तर तो वेगळा, आणि एप्रिल २००४ पासून ही औषधं सरकारच फुकट देतंय म्हणजे तो पैसापण करदात्यांचाच की. ऑस्ट्रेलियाने हे मोजून बघितलं, २००० ते २००९ मध्ये सुई-सिरिंजवर २४ कोटी डॉलर गेले आणि त्यांच्या अंदाजाने ३२ हजार एचआयव्हीच्या लागणी टळल्या, एका डॉलरमागे उपचाराचे चार वाचले. उलट अमेरिकेत इंडियानामधल्या स्कॉट काउंटीत सुया वाटायला कायद्यानेच बंदी होती, तिथे २०१५ मध्ये एवढ्याशा भागात एचआयव्हीची साथ पसरली तेव्हा कुठे परवानगी मिळाली, आणि लागण झालेल्यांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. आपण वाटतो ते पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने वर्षाला माणशी २०० सुयांचं लक्ष्य ठेवलं होतं, २०३० साठी ते ३०० केलं. दिवसातून तीनदा टोचणाऱ्याला वर्षाला हजाराच्या वर लागतात. सकाळी नवी दिली आणि संध्याकाळी जुनीच चौघांत फिरली तर सकाळचा खर्च पाण्यात गेला ना? त्यात पोलिसांची भीती. खिशात सिरिंज सापडली म्हणून एका पोराला रात्रभर बसवून ठेवलं, तेव्हापासून तो सुया जवळ ठेवतच नाही, भिंतीच्या फटीत खुपसून जातो आणि मग ती ज्याला सापडेल त्याची. वापरलेल्या सुया आमच्या डब्यात परत यायच्या त्यापण कमी झाल्या. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात अशा कामाला आणि त्याचा फायदा घेणाऱ्यांना संरक्षण आहे, हे पोलीस ठाण्यातल्या हवालदारापर्यंत पोचलेलंच नाही.

आणि ओएसटी, म्हणजे टोचायच्या नशेच्या जागी देखरेखीखाली औषध द्यायचा उपचार. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सिस्टर कुटून जिभेखाली ठेवतात, विरघळेपर्यंत समोर बसवतात, रोज. ज्याला ती नीट मिळते तो सुईकडे फार कमी वळतो, हे मी रोज बघतो. पण आमच्याकडे सेंटर उघडतं नऊला आणि नाक्यावर कामाला माणसं उचलतात साडेसात-आठला. म्हणजे पोराने डोस घ्यायचा तर त्या दिवसाची मजुरी गेली. दोन महिने नीट आलेला एक जण असाच सुटला, मागच्या महिन्यात परत लाईनच्या कडेला भेटला, हातावर गळू घेऊन.

सेंटर सकाळी सातला उघडावं आणि जे स्थिरावलेत त्यांना दोन-तीन दिवसांचा डोस घरी न्यायला द्यावा, एवढंच आमचं मागणं आहे. त्याला लागेल फक्त एका सिस्टरची सकाळची पाळी.

आपला,
एक आउटरीच वर्कर, मुंबई