मिठाला नत्र म्हणणारे सेन्सर: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: जमिनीतील अन्नद्रव्ये मोजणाऱ्या सेन्सरची सरकारी खरेदी आणि अनुदान

महोदय,

राज्याने २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले. शेतातल्या सेन्सरचे आकडे संगणकात जावेत आणि तिथून शेतकऱ्याला खताचा सल्ला मिळावा, ही दिशा आम्हाला मनापासून पटते. माती आणि पाण्यासाठीचे विद्युत-रासायनिक सेन्सर बनवणे व तपासणे हेच आमचे काम. म्हणून एक गोष्ट वेळेत आपल्या कानावर घालायची आहे: ‘एनपीके सेन्सर’ म्हणून विकली जाणारी बरीच स्वस्त यंत्रे नत्र, स्फुरद, पालाश मोजतच नाहीत.

या यंत्रांना स्टेनलेस स्टीलच्या तीन ते पाच सळ्या असतात. मातीतून वीज किती सहज वाहते एवढेच त्या पाहतात. माती परीक्षणाच्या अहवालात यालाच ईसी म्हणतात. त्या एका आकड्याला आधीच ठरवलेल्या गुणकांनी गुणून तीन अन्नद्रव्यांचे तीन आकडे दाखवले जातात.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन भांड्यांत एकेक लिटर ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. एकात १ ग्रॅम मीठ, दुसऱ्यात १ ग्रॅम युरिया विरघळवावा. मिठात नत्र, स्फुरद, पालाश यांपैकी काहीच नाही. युरियात ४६ टक्के नत्र आहे. तरी असा सेन्सर मिठाच्या पाण्यात बुडवला की ईसी २ डेसिसायमन प्रति मीटरच्या आसपास जाते आणि तिन्ही आकडे चढतात. युरियाच्या पाण्यात काटा जवळजवळ हलत नाही, कारण विरघळलेल्या युरियाचे आयन, म्हणजे वीज वाहून नेणारे भारित कण, होत नाहीत. नायट्रेट (पिकाला घेता येणारे नत्राचे एक रूप) खरोखर मोजणारा इलेक्ट्रोडही युरिया लगेच दाखवणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. युरियाचे नायट्रेट जमिनीतले जिवाणू करतात. पण त्याच मिठाच्या पाण्यात, मिठातल्या क्लोराइडसाठीचा निवडगुणांक (नायट्रेटच्या तुलनेत क्लोराइडला किती प्रतिसाद मिळतो तो आकडा) ०.००५ असेल तर, हा इलेक्ट्रोड लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपासच चुकेल.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात ही चूक थेट पिकावर येते. तिथे क्षारांमुळे ईसी आधीच जास्त. यंत्र म्हणेल ‘अन्नद्रव्ये भरपूर’, सल्ला येईल ‘खत कमी करा’, आणि पीक पिवळे पडेल. इतरत्र पाणी दिले की नत्र ‘वाढते’ आणि वाफसा आला की ‘घटते’. जमिनीत मात्र तेवढ्या वेळात काही बदललेले नसते.

नायट्रेट खरोखर मोजायचे तर आयननिवडक पडदा (मुख्यतः एकाच आयनाला प्रतिसाद देणारा) असलेला इलेक्ट्रोड लागतो, आणि त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणांवर ताडून घेणे, लागते. १६३ मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट एक लिटरमध्ये विरघळवले की लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेटचे द्रावण होते. त्यातले १०० मिली घेऊन एक लिटर केले की १० चे. या दोन द्रावणांत २५ अंश तापमानाला सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडला पाहिजे. तो ५४ च्या खाली गेला तर पडदा बदलायचा. हे रोज करावे लागते, कारण एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे मापनात ४ टक्के आणि पाच मिलिव्होल्टची म्हणजे २१ टक्के.

काळी माती नुसत्या पाण्यात ढवळली तर गढूळच राहते आणि तिचे बारीक कण संदर्भ इलेक्ट्रोडचा (ज्याच्या तुलनेत मिलिव्होल्ट मोजतात त्याचा) सांधा बुजवतात. म्हणून २० ग्रॅम माती १०० मिली जिप्समच्या द्रावणात (लिटरला १.७ ग्रॅम) अर्धा तास हलवावी, कॅल्शियममुळे चिकणकण लवकर बसतात. कॅलिब्रेशनची द्रावणेही याच जिप्समच्या पाण्यात करावीत. नमुना ओला असताना बर्फात ठेवून आणावा, नाहीतर वाटेतच जिवाणू नायट्रेट वाढवतात, आणि त्याच्या ओलाव्याची वजावट करावी.

इथून पुढची चूक कागदावरची आहे. समजा वाचन लिटरला २० मिलिग्रॅम आले. पाचाने गुणून किलो मातीत १०० मिलिग्रॅम नायट्रेट. ४.४३ ग्रॅम नायट्रेटमध्ये नत्र १ ग्रॅमच असते, म्हणून नत्रासाठी ४.४३ ने भागायचे, म्हणजे २२.६, वरच्या १५ सेंटिमीटर थरात हेक्टरी साधारण ५० किलो. भागायचे राहिले तर अहवालात २२४ किलो नत्र दिसेल. हा फरक ४५ किलोच्या युरियाच्या आठ गोण्यांचा आहे. अहवालावर ‘नायट्रेट’ की ‘नायट्रेट-नत्र’, हे लिहिणे सक्तीचे असावे.

इलेक्ट्रोड कायमचे जमिनीत पुरण्याची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, सेन्सर आणि मातीमध्ये हवा शिरते, संदर्भ इलेक्ट्रोड सुकतो. मग आकडा येत राहतो, पण तो कशाचाच नसतो. शेतोशेती हजार सळ्या रोवण्यापेक्षा तालुक्याला एक चांगले मीटर, प्रशिक्षित सहायक आणि पडदे व द्रावणांसाठी दरवर्षीची तरतूद हे जास्त उपयोगाचे.

निविदेत पडद्यांचा पुरवठा आणि देखभाल करार यंत्राच्या किमतीतच धरावा. संगणकाकडे फक्त अंतिम आकडा न पाठवता मूळ मिलिव्होल्ट, तापमान आणि कॅलिब्रेशनची तारीखही पाठवावी. तरच चुकलेला आकडा नंतर सापडतो. दहातला एक नमुना प्रयोगशाळेत ताडून पाहावा.

आणि अनुदानाच्या यादीत कोणतेही यंत्र घालण्याआधी मिठाच्या पाण्याची चाचणी राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत करून निकाल यंत्राच्या नावासह जाहीर करावा. तिची कार्यपद्धती मराठीत लिहून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
माती-पाण्याच्या सेन्सरवर काम करणारे संशोधक