बामणोलीच्या घराविषयी मित्रास पत्र

सातारा,
वैशाख शुद्ध सप्तमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. बामणोलीजवळचे तुमचे वडिलोपार्जित घर दुरुस्त करून येत्या दिवाळीपासून ते पर्यटकांना दोन-दोन, चार-चार दिवसांसाठी भाड्याने द्यायचे तू ठरवले आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. आण्णा गेल्यापासून त्या घराला कुलूप होते आणि दर पावसाळ्यात दोन-चार कौले सरकत होती. घरात माणसे राहिली तरच घर टिकते. पाहुण्यांनी पर्यावरणाची काळजी घ्यावी म्हणून कोणकोणत्या पाट्या लावाव्यात, असे तू विचारले आहेस. यवतेश्वराच्या वरच्या अंगाला आमच्या घराच्या दोन खोल्या आम्ही आठ वर्षे पाहुण्यांना देत आलो आहोत. त्या अनुभवावरून सांगतो, की पाट्यांवर एक रुपयाही खर्च करू नकोस. पाहुणा पाटी वाचून वागत नाही, तो घराची मांडणी पाहून वागतो. जे हाताशी असेल ते तो वापरतो आणि जे नसेल ते मागायचे त्याच्या मनातही येत नाही.

हे मला फार उशिरा कळले. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे अकरा माणसे तीन रात्री राहिली. ती गेल्यावर मी मागच्या पडवीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मोजल्या, त्या त्रेचाळीस भरल्या. गावात तेव्हा घंटागाडी येत नव्हती. खरकटे, बाटल्या, वेफर्सची पाकिटे असे सगळे एकाच पोत्यात भरून मी ते गोठ्यामागे ठेवले आणि रविवारी साताऱ्याला नेऊ असे म्हणत राहिलो. खरकट्याच्या वासाने वानरे आली, त्यांनी पोते फाडले आणि त्यातला निम्मा कचरा ओढ्यात गेला. वळवाच्या पहिल्या पावसात तो वाहत जाऊन खालच्या वाडीच्या पाणवठ्याच्या तोंडाशी तुंबला. वाडीतल्या बायकांनी गुडघाभर पाण्यात उतरून तो उपसला. आमच्या दारात येऊन कोणीही एक शब्द बोलले नाही. आईला ते दुसऱ्या दिवशी देवळात कळले. ती घरी आली, जेवली नाही आणि एवढेच म्हणाली, की आपल्या दारचा कचरा दुसऱ्याने उचलावा अशी वेळ या घरावर कधी आली नव्हती. त्यानंतर मी चार पाट्या रंगवून घेतल्या. पुढच्या सुट्टीत बाटल्या तेवढ्याच निघाल्या.

मग आम्ही मांडणी बदलली. आता प्रत्येक खोलीत पाण्याने भरलेला तांब्याचा हंडा, त्यावर झाकण आणि बाजूला चार स्टीलचे पेले असतात. हंड्यातले पाणी स्वयंपाकघरातल्या फिल्टरमधून गाळलेले असते आणि सकाळ-संध्याकाळ बदलले जाते. पाहुणे आल्याबरोबर त्यांच्यादेखत हंडा भरला जातो, हे मी मुद्दाम करतो, कारण पाणी कोठून आले हे डोळ्यांनी पाहिले की माणसाच्या मनातली शंका जाते. शंका असते म्हणूनच तो बाटली विकत घेतो. फिरायला निघताना न्यायला आम्ही स्टीलच्या बाटल्या भरून देतो. आता महिनाभरात जेमतेम पाच-सात प्लास्टिकच्या बाटल्या निघतात आणि त्याही पाहुण्यांनी प्रवासात घेतलेल्या असतात.

साबणाचेही तसेच झाले. एका रात्रीच्या मुक्कामात साबणाची छोटी वडी दोनदा हाताला लागते आणि टाकून दिली जाते. शॅम्पूची पुडी अर्धी वापरून न्हाणीघराच्या जाळीत अडकते. आता आमच्या न्हाणीत चिनी मातीच्या दोन बरण्या आहेत, एकीत पातळ साबण आणि दुसरीत शिकेकाई-रिठ्याचा काढा. काढा आमची सौ. दर चार दिवसांनी उकळते. गेल्या वर्षी पुण्याच्या एक बाई त्या बरणीजवळ बराच वेळ उभ्या राहिल्या, मग झाकण काढून वास घेत म्हणाल्या, की हा माझ्या आजीच्या न्हाणीचा वास आहे. जाताना त्यांनी शिकेकाई कोठे मिळते ते विचारून घेतले.

आता तुझ्या घराविषयी. तुमच्याकडे पाऊस कोसळतो, समोर कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी दिसते आणि तरीही चैत्र-वैशाखात बायका झऱ्याजवळ घागरी घेऊन बसतात, हे आपण लहानपणी पाहिले आहे. वरच्या सड्यावरचा, म्हणजे खडकाळ पठारावरचा, जांभा सच्छिद्र असतो. त्यात मुरलेले पाणी खाली उतरते, काळ्या पाषाणाशी अडते आणि जिथे हे दोन थर भेटतात तिथे झरा फुटतो. उन्हाळ्यात तो बारीक होतो आणि नेमका तोच पर्यटकांचा हंगाम असतो. शहरातून आलेला माणूस शॉवरखाली दहा मिनिटे उभा राहिला, तर साध्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर या हिशेबाने ऐंशी ते शंभर लिटर पाणी जाते. बादली आणि तांब्या ठेवलास तर वीस-पंचवीस लिटरमध्ये त्याची अंघोळ नीट होते. म्हणून नव्या न्हाणीत शॉवर बसवूच नकोस, पण बादली पितळेची ठेव, बसायला दगडी चौरंग ठेव आणि ऊन पाणी वेळेवर मिळेल अशी सोय कर. काही काढून घेतले असे पाहुण्याला वाटता कामा नये, गावच्या घरातली अंघोळ मिळाली असे वाटले पाहिजे.

छपराचे पाणी साठवण्याचा हिशेबही करून ठेवला आहे. तुमचे छप्पर हजार चौरस फूट धरले, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर, तर एक मिलिमीटर पावसाला ९३ लिटर पाणी मिळते. उडून आणि गळून जाणारे वजा केले तरी १०,००० लिटरची टाकी दीडशे मिलिमीटरच्या आत भरते आणि कोयनेच्या खोऱ्यात आषाढात एवढा पाऊस दोन दिवसांतही पडतो. मृगाचे पहिले पाणी सोडून द्यायचे, कारण त्यात कौलांवरची धूळ आणि पाखरांची घाण असते. सहा पाहुणे प्रत्येकी ७० लिटर वापरतील असे धरले तर दिवसाला ४२० लिटर लागतात, म्हणजे एक टाकी सुमारे चोवीस दिवस पुरते. सगळा उन्हाळा त्यावर निघणार नाही, पण तेवढे दिवस झऱ्याचे पाणी वाडीला राहील, याला माझ्या लेखी मोल आहे.

सांडपाण्याकडे मात्र तू सर्वांत जास्त लक्ष द्यावेस असे मला वाटते, कारण ते दिसत नाही आणि म्हणून प्रत्येक जण ते शेवटी ठेवतो. झऱ्याच्या वरच्या अंगाला शोषखड्डा अजिबात घेऊ नकोस. ज्या सच्छिद्र खडकातून पावसाचे पाणी झऱ्यापर्यंत जाते, त्याच खडकातून सांडपाणीही जाते. सेप्टिक टँक उताराच्या खालच्या बाजूला घे आणि घर सांभाळणाऱ्या माणसाला संडासात ॲसिड ओतू देऊ नकोस. ॲसिडमुळे टाकीतली घाण कुजवणारे जिवाणू मरतात आणि मैला तसाच साचत जातो. आमच्याकडे दोन वर्षांतच टाकी तुंबली होती, त्याचे कारण हेच निघाले. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी वेगळे काढून आम्ही ते कर्दळ, अळू आणि केळीच्या वाफ्यात सोडले आहे. त्या वाफ्यात आता बेडूक असतात आणि मुले तासन्‌तास तिथे बसतात.

विजेचे थोडक्यात सांगतो. पाणी तापवायला सौर बंब घ्यावास, पण आपल्याकडे आषाढ-श्रावणात ऊन नसते, तेव्हा त्याला विजेची जोड ठेवावी लागेल. लाकडावरचा तांब्याचा बंब पाहुण्यांना आवडतो, पण त्यासाठी जंगलातले सरपण तुटू देऊ नकोस. एसीची तुमच्या मातीच्या भिंतींना गरज नाही.

अंगणात हॅलोजन लावायचा तुझा विचार मात्र मी आग्रहाने मोडून काढणार आहे. तुमचे घर राखीव जंगलाच्या कडेला आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि तेव्हापासून जलाशयाच्या पलीकडच्या काठाचा अंधार ही आपल्या सगळ्यांची ठेव आहे. ज्येष्ठाच्या तोंडाला त्या झाडांवर काजवे लागतात. काजवा प्रकाशाच्या लुकलुकीनेच जोडीदार शोधतो, आणि जवळ झगझगीत दिवा असला की ती खूण हरवते. पायरीजवळ खाली तोंड करून लावलेला मंद पिवळा दिवा चालण्यापुरता पुरतो. दिवे मालवून पाहुण्यांना ओट्यावर बसव. त्यासाठी लोक मुद्दाम परत येतात.

कासच्या पठाराविषयीही पाहुण्यांना आधीच दोन शब्द सांगत जा, कारण तुझ्याकडे येणारा प्रत्येक जण वाटेत तिथे उतरणार. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेले आणि तेव्हापासून गर्दी वाढतच आहे. जांभ्यावर बोटभर माती, तिच्यावर गेंद, सीतेची आसवे, तेरडा अशी फुले. एका पावलाखाली किती रोपे जातात ते वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, हे सांगितले की मोठी माणसेसुद्धा पाय जपून टाकतात, असा माझा अनुभव आहे.

आता पाहुण्यांना यासाठी प्रवृत्त करण्याविषयी. बुकिंग पक्के झाले की आम्ही एक संदेश पाठवतो. आपली बाटली, टॉवेल आणि औषधे बरोबर आणावीत, जेवणाला किती माणसे आणि कोण किती खाते ते आदल्या दिवशी सांगावे, आणि बरोबर आणलेल्या पाकिटांचा कचरा परत न्यायला आम्ही कापडी पिशवी देऊ, असे त्यात असते. दहातले सहा-सात जण ती पिशवी खरोखर भरून नेतात. तीन रात्री राहणाऱ्यांनी चादरी रोज बदलायला सांगितल्या नाहीत, तर निघताना आम्ही त्यांना मांघरच्या मधाची छोटी काचेची बाटली देतो. महाबळेश्वर तालुक्यातले ते गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. या मधापेक्षा चादरी धुण्याचा खर्च जास्त येतो, आणि पावसाळ्यात त्या वाळतच नाहीत. चादरी पांढऱ्या घेऊ नकोस. पांढऱ्या चादरीला ब्लीच लागते आणि ते ओढ्याला जाते. सोलापुरी रंगीत चादर आणि म्हसवडचे घोंगडे ठेव.

जेवणात बुफे ठेवू नये. ताटात नाचणीची भाकरी, घेवड्याची उसळ, भात आणि ताक वाढावे आणि मागेल तेवढे पुन्हा द्यावे. पाने मोठ्या पंगतीला पत्रावळीची, एरवी स्टीलची. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी बाजारात ती कोणी ना कोणी देतेच, तेव्हा सामान आणणाऱ्याला आधीच सांगून ठेव.

सर्वांत अवघड गोष्ट अशी, की तू पुण्यात राहणार आणि घर दुसऱ्याच्या हाती असणार. हंडा भरणे, ओले-सुके वेगळे करणे, दिवे मालवणे हे सगळे तुझ्या शेजारच्या मावशी करणार आहेत. हे काम त्यांच्या पगारात धर, वरकड म्हणून मागू नकोस. सुक्या कचऱ्याचे भंगारात जे पैसे येतील ते त्यांचे, असे पहिल्याच दिवशी सांग. आमच्याकडे हे ठरल्यापासून काचेची एक बाटलीसुद्धा परड्यात पडलेली दिसली नाही. ओल्याचे खत त्यांच्याच शेतात जाऊ दे. आणि खालच्या वाडीला आधी जाऊन भेट, पाहुणे येणार आहेत हे सांग आणि कचऱ्याबद्दल काही दिसले तर थेट तुला फोन करायला सांग. माझ्या वेळी मी हे केले असते तर त्या बायकांना पाण्यात उतरावे लागले नसते.

पुढच्या रविवारी तू घरी जाणार आहेस, तेव्हा माझ्यासाठी एक काम कर. छपराची मापे घे. शिवाय भल्या पहाटे परड्यामागच्या झऱ्याखाली घागर धर आणि ती भरायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहा. मावशींनाही विचार, की मागच्या वैशाखात किती वेळ लागत होता. ते आकडे घेऊन परतताना साताऱ्याला उतर, आमच्याकडेच जेव, आणि मग खोल्या दोन काढायच्या की तीन ते आपण बसून ठरवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आई तुझी आठवण काढते.

कळावे, लोभ असावा.

तुझा मित्र