चटणीचा चार्ज

सोलापूर,
संक्रांतीनंतरचा रविवार

चि. बाळास,
अण्णांचे अनेक आशीर्वाद.

परवा तू तासभर फोनवर बोललास आणि तुझी आई सारखी हसत होती. मला तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात तीस वर्षं गेली, त्यात डावा कान पूर्ण गेला आणि उजवा निम्मा. फोन ठेवल्यावर आईनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, तू पाठवलेले फोटो दाखवले. तेव्हापासून ते मांजर माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. तुझ्या हवाई दलाच्या तळाचं नाव पत्रात लिहीत नाही, पाकिटावरचा पत्ता पुरे.

तुमच्या स्टोअरच्या मागं आलेल्या त्या मरतुकड्या पिलाला पोरांनी 'चटणी' नाव ठेवलं, आपल्या शेंगाचटणीच्या रंगाचं म्हणून, हे ऐकून मला फार बरं वाटलं. पंजाबचा पोरगा, केरळचा पोरगा, मणिपूरचा पोरगा, सगळ्यांच्या तोंडी सोलापूरची चटणी. विभागाच्या फोटोत ती पहिल्या रांगेत बसलीय, गळ्यात निळ्या कापडाचा पट्टा आहे. रात्रीची ड्यूटी संपली की तिच्या डोक्यावरून हात फिरवल्याशिवाय कोणी चहाला जात नाही, असं तू आईला सांगितलंस. मॅस्कॉट म्हणता तुम्ही तिला. घरापासून इतक्या लांब राहणाऱ्या पोरांना हात फिरवायला एक ऊबदार जीव मिळाला, यापेक्षा चांगली बातमी या महिन्यात मी ऐकली नाही.

पण तू तिला बोका समजतोस ते चूक आहे. फोटो घेऊन मी इथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, तांबूस आणि काळा असे दोन्ही रंग एका अंगावर मिसळलेले असले की ती जवळजवळ नेहमी मादीच असते. तांबडा रंग ठरवणारा गुण एक्स गुणसूत्रावर असतो. दोन्ही रंग यायला दोन एक्स लागतात, आणि नराला एकच असतो. असा बोका अगदी क्वचित सापडतो. म्हणजे चटणी बाई आहे. पाचव्या-सहाव्या महिन्यातसुद्धा मांजर गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. आज एक चटणी आहे, पावसाळ्यापर्यंत पाच असतील, दिवाळीपर्यंत मोजता येणार नाहीत. तेव्हा 'बोका आहे, काही होत नाही' म्हणून तिचं ऑपरेशन लांबवू नका. ऑपरेशन झालं की कानाचं टोक जरासं कापतात, तीच खूण. त्याच फेरीत रेबीजची लस टोचून घ्या. आणि कुणाला ती चावली किंवा ओरखडली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं जायचं. खेळता खेळता लागलंय म्हणून सोडायचं नाही.

आणखी एक. कुणीतरी भाकरीला चटणी लावून तिच्यापुढं धरल्याचा फोटो आहे. तो पाहून डॉक्टर गंभीर झाले. आपली चटणी लसणाशिवाय होत नाही, आणि लसूण-कांदा मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. नाव चटणी असलं तरी तिला चटणी द्यायची नाही. दूधही मोठ्या मांजरांना सहसा पचत नाही. पाणी आणि बिनमसाल्याचं उकडलेलं मांस द्या. आणि ती मलूल दिसली म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा मुळीच देऊ नका. आपल्याला ताप उतरवणारी ती गोळी, मांजराला एक पोटात गेली तरी जीव जातो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते सांगतो. तुला हे कधी सांगितलं नाही.

आमच्या गिरणीत एक मांजर होती. तुझा जन्म व्हायच्या आधीची गोष्ट. सायझिंग खात्यात ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या, सुताला खळ लावतात. खळ म्हणजे स्टार्च, त्यात सूत मऊ राहावं म्हणून चरबी. त्या वासानं उंदीर यायचे आणि रात्रीतून बीमच्या रुळावर गुंडाळलेलं सूत कुरतडायचे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळं कुरतडल्याशिवाय त्याला गत्यंतर नसतं. सूत, लाकूड, विजेची वायर, त्याला सगळं सारखंच. (तुमच्याकडं तर केबलच केबल. तुमच्या साहेबांनी चटणीला स्टोअरमागं राहू दिलं, त्यात हाही विचार असेलच.) तर ती मांजर खळीच्या पिंपामागं राहायची, म्हणून तिचं नाव खळी. भोंगा झाला की दारात येऊन बसायची. तिन्ही पाळ्यांचे कामगार डब्यातला घास तिच्यासाठी बाजूला ठेवायचे. आमचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कडक माणूस, कुणाशी हसून बोलायचा नाही, तोही तिच्यापुढं उकिडवा बसायचा. तिच्यावर गिरणीतल्या प्रत्येकाचा हक्क होता.

गिरणी बंद पडली. एका सकाळी गेटला कुलूप आणि नोटीस. महिनाभर आम्ही रोज तिथं जायचो, थकलेल्या पगाराचं काही कळतंय का पाहायला. खळी आतून गेटपाशी यायची आणि गजांतून बघायची. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी काही ना काही टाकलं. मग एकेक जण कमी झाला. कुणी पुण्याला गेला, कुणी भिवंडीला, कुणी रिक्षा धरली. मला रोज वाटायचं, आज कुणीतरी हिला घरी नेईल. पिशवी घेऊन गेलो असतो तर दहा मिनिटांचं काम होतं. आजी घरात मांजर चालू देणार नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो, पण मी आजीला विचारलंच नव्हतं. एक दिवस खळी गेटला आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पुढं मी तो रस्ता सोडला, लांबून जायला लागलो. प्रत्येकाला वाटलं दुसरा बघेल, आणि प्रत्येकानं मनापासून माया केलेली होती.

म्हणून विचारतो, चटणीचा माणूस कोण? सगळे आहेत, हे उत्तर मला नको.

मुधोळचे शिकारी कुत्रे हवाई दलानं धावपट्टीवरचे पक्षी हुसकायला घेतले, हे वाचल्याचं आठवतं तुला? मुधोळ म्हणजे आपलंच, विजापूरच्या पुढं. त्या कुत्र्यांना शिकवणारा, सांभाळणारा हँडलर असतो, रेशन असतं, डॉक्टर असतो, कागद असतो. चटणीचं नाव कुठल्याच कागदावर नाही. ती तुमच्या मायेवर जगते आणि माया करणाऱ्यांची बदली होते.

वाचनालयात शोधताना सायमन नावाच्या एका मांजराची हकिगत सापडली. १९४८ साली हाँगकाँगच्या बंदरातून ब्रिटिश नौदलाच्या 'अॅमेथिस्ट' जहाजावर आलेला हा बोका. १९४९ च्या एप्रिलमध्ये यांगत्से नदीत जहाजावर तोफा डागल्या गेल्या, कप्तान गेला, सायमनही भाजला, जखमी झाला. (यांगत्से म्हणजे चीन. आपले डॉ. कोटणीस १९३८ ला गेले तो देश.) जहाज तीन महिन्यांवर अडकून पडलं. अन्न संपत आलेलं, त्यात उंदीर. हा बरा होऊन उठला आणि उंदीर मारायला लागला, जखमी खलाशांच्या अंथरुणात जाऊन बसायला लागला. प्राण्यांच्या शौर्याचं डिकिन पदक आजवर फक्त याच एका मांजराला मिळालंय. पण पदक हातात पडण्याआधीच, त्याच नोव्हेंबरात, इंग्लंडमध्ये क्वारंटाइनच्या जागी तो मेला. मला पदकापेक्षा ती शेवटची जागा जास्त लागली, बाळ. ज्या माणसांबरोबर तो तोफांखाली राहिला, त्यांच्या जहाजापासून लांब.

धावपट्टीचंही बोलतो, कारण आईनं तेवढंच घाईत सांगितलं. चटणी तुमच्यामागं टारमॅकपर्यंत, विमानं उभी असतात तिथवर, येते म्हणे. सुट्टीवर आला होतास तेव्हा तूच सांगितलं होतंस, की सकाळी रांगेत चालत खडे, खिळे, तारेचे तुकडे वेचावे लागतात, कारण एक बोल्ट इंजिनात ओढला गेला तरी पाती मोडतात. बोल्टनं एवढं होतं, तर मांजरानं काय होईल? तिचा जीव जाईल आणि वर बसलेल्या पोराचाही जाऊ शकतो. त्यात तो आवाज. माणसाला वीस किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, मांजराला साठच्या पुढचं. तुम्ही कानावर मफ चढवता, तिला कोण चढवणार? माझे कान गेलेले तू पाहतोसच. तिची जागा मेसच्या बाजूला करा, खाणं रोज तिथंच आणि एकाच वेळेला द्या, टारमॅककडं कुणी तुकडाही टाकायचा नाही. जिथं खाणं तिथं मांजर. साहेबांना उघड सांगून करा, लपवून नको.

यंदा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला तू नव्हतास. पांढरी बाराबंदी घातलेली गर्दी, उंच काठ्यांचे सातही नंदीध्वज, मी नेहमीच्या कोपऱ्यावर उभा होतो. लहानपणी तू माझ्या खांद्यावर बसून विचारायचास, दमल्यावर एवढा उंच ध्वज खाली ठेवतात का? ठेवत नाहीत. दुसरा येऊन धरतो, त्याचा तोल बसला असं पहिल्याला हातात जाणवतं, आणि मगच पहिला सुटतो. यंदा मी तेवढंच बघत राहिलो.

तुझी बदली उन्हाळ्यात होईल असं तू म्हणालास. हत्यारांचा, औजारांचा चार्ज देतोस तसा चटणीचाही दे. वहीत एक पान कर. लस कधी टोचली, ऑपरेशन कधी झालं, काय खाते, रात्री कुठं झोपते, सगळं लिही. खाली तुझं नाव आणि तुझ्यानंतर घेणाऱ्याचं नाव. घेणारा मिळालाच नाही, तर पिंजरा घेऊन तिला इकडं आण. तुझ्या आईला विचारलंय मी. ती हो म्हणाली.

पार्सलमध्ये कडक भाकरी, शेंगाचटणी आणि तिळाच्या वड्या आहेत, त्या पोरांना. आपली मोराची चादर, तू बारावीपर्यंत पांघरायचास ती, तिचा अर्धा तुकडा वेगळा बांधलाय. तो तिच्या खोक्यात घाल. धुतलेला आहे.

स्वतःची काळजी घे. कानाला मफ लावल्याशिवाय इंजिनापाशी उभा राहू नकोस.

तुझे,
अण्णा

ता. क. थंडीत मांजर गरम बॉनेटखाली शिरून झोपते. सकाळी ट्रक चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायला सगळ्या ड्रायव्हरांना सांग. आणि उत्तराला वेळ नसला तर पोस्टकार्डावर नुसतं ते दुसरं नाव लिहून पाठव.