आई-बाबांना, शिबपूरच्या वडाजवळून

कोलकाता
शनिवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबा यांस,
सा. न. वि. वि.

आज दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. सकाळी लवकर उठून पोळी-भाजी डब्यात घेतली आणि बागेत गेले. बाबा, तुमच्या बागेत. हावड्यापलीकडच्या शिबपूरच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये. दिवसभर चालून पाय भरून आलेत, पण झोपायच्या आधी लिहायलाच बसले. फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं.

एस्प्लनेडहून मेट्रो हुगळी नदीच्या खालून हावडा मैदानला जाते. नदीखालचा तेवढा भाग आला की बोगद्यात निळे दिवे दिसतात. आई, इथे सगळे हिला गंगाच म्हणतात. डोक्यावरून गंगा वाहतेय म्हटल्यावर मी तुझ्यासारखे हात जोडले. शेजारच्या बाईंनीही जोडले होते.

आत गेल्यावर इकडेतिकडे न बघता सरळ वडाकडे निघाले. लांबून ते एक झाड वाटतच नाही, राई वाटते. साडेचार एकरांच्या आसपास पसारा आणि साडेतीन हजारांहून जास्त पारंब्या जमिनीत उतरलेल्या. पूर्वी त्याच्याभोवती सुमारे तीनशे तीस मीटरचा रस्ता केला होता, तर झाड तो ओलांडून बाहेर गेलं. बाबा, अकरावीच्या वर्गात तुम्ही हाच वड फळ्यावर काढायचात. तपकिरी खडूने खोडं, हिरव्याने वरचं छत. मग मुलांना बसमध्ये घालून म्हसव्याचा वड दाखवायला न्यायचात. तिथे प्रत्येक वेळी म्हणायचात, 'याचा थोरला भाऊ कलकत्त्याला आहे, तो मी पाहिलेला नाही.' ते वाक्य आज सकाळपासून डोक्यात होतं. कुंपणाशी उभी राहिले आणि डोळे भरून आले. तुमच्याआधी मी पाहिला, हे मला बरं वाटलं नाही.

झाडाला मधला बुंधा नाही, हे तुम्ही शिकवलं होतंत, पण बघितल्याशिवाय ते कळत नाही. 1864 आणि 1867 च्या वादळांत झाड मोडलं, जखमांतून बुरशी शिरली आणि शेवटी 1925 साली मूळ खोड काढून टाकावं लागलं. त्याला आता शंभर वर्षं झाली. जिथे खोड होतं तिथे मोकळी जागा आहे, आणि भोवती सगळं हिरवंगार. नंतर 2020 मध्ये अम्फान चक्रीवादळ आलं, बागेतली कितीतरी मोठी झाडं आडवी झाली, या वडाच्याही पारंब्या गेल्या. तरी तो उभा आहे.

एक गोष्ट मात्र तुम्ही कधी सांगितली नव्हती. पारंब्यांना वाट करून देतात. एक वयस्कर माळीकाका तिथे काम करत होते. त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. इथे पारंबीला 'झुरी' म्हणतात. वर फांदीतून कोवळ्या मुळ्या शेवयांच्या जुडीसारख्या लोंबत असतात, टोकं पिवळसर, पाणीदार. त्यांच्याखाली बांबूची पोकळ नळी उभी करतात, आत माती भरतात. मुळी त्या ओलाव्याने खाली खाली सरकते, वाऱ्याने सुकत नाही, वाटेत तुटत नाही. जमिनीला टेकली, की तिला स्वतःचं पाणी मिळतं आणि ती जाड व्हायला लागते. पुढे तीच खोड होते आणि वरच्या फांदीचा भार घेते. एका नळीच्या तळाशी ओल्या मातीतून मुळीचं टोक जेमतेम बाहेर आलेलं दिसलं. मी तिथे बराच वेळ उकिडवी बसून राहिले.

आई, तू वटपौर्णिमेचं विचारशील, मला ठाऊक आहे. बुंधाच नाही तर सूत गुंडाळायचं कशाला? मी तिथे उभ्या उभ्या तोच विचार करत होते. तू आलीस की तूच ठरव.

बाकीची बागही पुष्कळ मोठी आहे, एका दिवसात होत नाही. 1787 साली कर्नल रॉबर्ट किडने ती सुरू केली, पण वड त्याच्याही आधीपासून इथे आहे. कंपनी सरकारला जहाजांसाठी साग हवा होता, मसाले हवे होते. पण त्याआधी 1770 चा भयंकर दुष्काळ बंगालने सोसला होता, आणि लोकांना खायला मिळेल अशी साबुदाण्याच्या ताडासारखी झाडं लावायची, हेही किडच्या मनात होतं. हे वाचून मला त्याच्याबद्दल बरं वाटलं. त्याच्यानंतर बाग सांभाळायला वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग आला. बाबा, तुमच्या वह्यांत कितीतरी वनस्पतींच्या नावापुढे 'रॉक्सब.' असं असायचं, तो हाच. नदीकाठी त्याचं घर अजून आहे. त्याने इथल्या चित्रकारांकडून अडीच हजारांहून जास्त वनस्पतींची चित्रं काढून घेतली. रॉक्सबर्गचं नाव झाडांना लागलं आणि ज्यांनी पानाची शीर न शीर रंगवली त्यातल्या बहुतेकांची नावंही उरली नाहीत. मला हे फार लागलं. फळा पुसला जायचा तेव्हा तुमचीही चित्रं अशीच जायची.

जोड-नारळाचं झाडही पाहिलं, 1894 साली लावलेलं, मूळ सेशेल्सचं. साधू-फकिरांच्या हातातलं काळं भिक्षापात्र याच्याच करवंटीचं. मादी झाड आणि एकटंच, त्यामुळे बाहेरून पराग आणून हाताने परागीभवन करावं लागलं, तेव्हा कुठे फळ धरलं.

आता मुद्द्याचं. डिसेंबरमध्ये या. इथे तेव्हा हवा छान असते. पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने सरळ हावड्याला उतरता येतं. वाईहून पुण्यापर्यंत दादा सोडेल, खालचे बर्थ मी आजच बघते. बाबा, गुडघ्याचं कारण सांगू नका. बागेत जागोजागी बसायला बाकं आहेत आणि मला कसलीही घाई नाही. दोन दिवस लागले तर दोन दिवस लावू. वडाकडे सकाळीच जाऊ, ऊन तिरपं असतं तेव्हा पारंब्यांच्या सावल्या लांबवर पडतात.

पाकिटात तीन पानं घातली आहेत, माळीकाकांना विचारूनच जमिनीवरची उचलली. एक लांबट, एक हृदयाच्या आकाराचं, एक कडेला वेडंवाकडं कातरलेलं. तिन्ही एकाच झाडाची आहेत बाबा. इथे त्याला 'पागल झाड' म्हणतात, दोन पानं सारखी सापडत नाहीत. आईला लगेच सांगू नका. तिला आधी विचारा, किती झाडांची पानं आहेत म्हणून.

तुमची,
वैशू

ता. क. वहीतली वडाची आकृती येताना आणा. समोर धरून बघायची आहे.