कुमारांच्या इतिहासपुस्तकांत पुरावेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुमार वाचकांसाठी निघणाऱ्या मराठी इतिहासपुस्तकांची चित्रे आणि छपाई अलीकडे पुष्कळ सुधारली आहे. मजकूर मात्र अजूनही सात-आठ वर्षांच्या मुलांना सांगावा तसाच असतो. ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ हा तेरा-चौदाव्या वर्षी हमखास पडणारा प्रश्न लेखक बहुधा मनावर घेत नाहीत.

सिंहगडाचेच पाहा. फेब्रुवारी 1670 मध्ये तानाजी मालुसरे गड घेताना कामी आले, याबद्दल वाद नाही. परंतु कडा चढणारी घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला, म्हणजे घटनेनंतर सुमारे पाव शतकाने, लिहिलेल्या बखरीत ती नाही. तिथे मावळेच वानरांसारखे कडा चढून जातात. हे सांगितल्याने तानाजींचा पराक्रम तसूभरही उणावत नाही. (घोरपड नसताना तो वाढतोच, असे माझे मत.) शाहीर जमलेल्या श्रोत्यांपुढे गातो आणि सभासद राजाज्ञेवरून लिहितो, म्हणून दोघांच्या सांगण्यात फरक पडतो, हे मुलांना ताडून पाहू द्यावे. पोवाडा गाळा असे मी म्हणत नाही. तो पोवाडा आहे, एवढे छापा.

दुसरे उदाहरण मुक्ता साळवे हिचे. फुले दांपत्याच्या शाळेतल्या या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, असे ती देवालाच विचारते. वाचकाच्याच वयाच्या मुलीने लिहिलेले असे अस्सल साधन हाताशी असताना मी पाहिलेल्या पुस्तकांत तिची बोळवण एका ओळीत होते. तो निबंध कठीण शब्दांच्या टिपांसह सबंध का देऊ नये?

पुराव्यांनी पुस्तक रुक्ष होते, ही प्रकाशकांची सबब मला पटत नाही. मुले रहस्यकथा वाचतात त्या पुराव्यांसाठीच. आणि साधनांचा तुटवडा म्हणावा, तर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचेच 45 खंड इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित करून ठेवले आहेत. प्रत्येक प्रकरणामागे एखाद्या मोडी पत्राचे छायाचित्र, त्याचे देवनागरी लिप्यंतर आणि ते कोणी, कधी, कोणाला लिहिले याच्या चार ओळी, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. त्यापायी किंमत थोडी वाढली, तरी शाळांच्या ग्रंथालयांनी अशी पुस्तके आवर्जून घ्यावीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा