गोळ्यांच्या पाकिटावर उन्हाचा इशारा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की उष्माघाताच्या सूचना छापून येतात : दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, डोक्याला रुमाल बांधा. सूचना योग्यच आहेत, पण त्यात रोज गोळ्या घेणाऱ्यांचा विचार नसतो. आज घरोघरी गोळ्यांचा डबा आहे आणि त्यातल्या काही गोळ्यांचे उन्हाशी अजिबात जमत नाही.

मुरमांवर महिनोन्महिने आणि पावसाळ्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधासाठी दिल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिनचेच उदाहरण घ्या. ती चालू असताना उन्हात गेल्यास काही तासांत नाक, गाल, हातांची मागची बाजू लाल होऊन भाजल्यासारखी आग होते. कधी फोड येतात, कधी नख खालच्या मांसापासून सुटते. लोक म्हणतात, ‘गोळी उष्ण पडली’. मग गुलकंद, सब्जा सुरू होतो आणि उन्हात फिरणेही चालूच राहते! खरे कारण पोटातली उष्णता नाही. त्वचेत पोचलेले औषध उन्हातले यूव्हीए (एक प्रकारचे अतिनील) किरण शोषते आणि तिथल्या पेशी भाजतात. हे किरण ढगांतून येतात, खिडकीच्या काचेतूनही येतात. मोटारीची पुढची काच दोन थरांची असल्याने ते बरेचसे अडवते, बाजूची साधी काच तितके अडवत नाही. म्हणून काच बंद ठेवूनही चालकाचा उजवा हात भाजू शकतो.

सनस्क्रीन घेताना नुसता एसपीएफचा आकडा पाहून भागत नाही, कारण तो मुख्यतः यूव्हीबी या दुसऱ्या प्रकारच्या किरणांचा आहे. यूव्हीएपासूनचे संरक्षण ‘पीए’ने दाखवतात; पाकिटावर त्यापुढे तीन-चार अधिक चिन्हे (+) आहेत का, हे पाहावे. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी व मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा इतके मलम लागते. वाटाण्याएवढे लावून काही उपयोग नाही. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे, दर दोन तासांनी पुन्हा लावावे. त्याहून भरवशाचे म्हणजे घट्ट विणीचे पूर्ण बाह्यांचे कापड. उजेडासमोर धरून पलीकडचे दिसत असेल, तर ती ओढणी कामाची नाही.

रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल, तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असते. तिने त्वचा उन्हाला हळवी होते, शिवाय लघवीवाटे पाणी आणि क्षार जातात. घामाच्या दिवसांत उठताना चक्कर येत असेल, तर बसून आणि उभे राहून घेतलेला रक्तदाब लिहून डॉक्टरांना दाखवावा. गोळी मनाने बंद करू नये. लिथियम (बायपोलरसारख्या मानसिक आजारावरचे औषध) घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात मीठ अचानक तोडू नये. अंगातले पाणी व मीठ घटले की रक्तातले लिथियम वाढते. हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे, त्यांच्यासाठी ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला घातक ठरू शकतो.

कोडावर सोरालेनची गोळी देतात, तेव्हा ऊन हाच उपचाराचा भाग असतो आणि ते मिनिटांनी मोजून घ्यायचे असते. चूक होते ती नंतर : ठरलेली मिनिटे संपली, तरी औषध त्या दिवशी अंगात असतेच. उरलेला दिवस अंग झाकून आणि यूव्ही अडवणारा चष्मा लावून काढावा लागतो. बावची या औषधी वनस्पतीतही सोरालेनच असते. तिचे तेल मनाने चोळून उन्हात बसणाऱ्यांना मोठाले फोड येतात.

औषध दुकानांत पाकिटावर ‘जेवणानंतर’ असे लिहून देतात. तिथेच ‘उन्हापासून जपा’ असा मराठी शिक्का मारायला रबरी ठसा आणि शाईची गादी पुरते. अन्न व औषध प्रशासनाने आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी निदान वरील औषधांपुरता तो याच उन्हाळ्यात सुरू करावा.

– एक फार्मासिस्ट, सातारा