फडके रोडवरच्या अनोळखी मंडळींचे आभार

डोंबिवलीत राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे फडके रोडला जायचंच असतं, एवढंच कानावर आलेलं. अभ्यंगस्नान उरकून एकटीच निघाले आणि आप्पा दातार चौकाच्या अलीकडेच गर्दीत चपलेचा अंगठा तुटला. अंगावर नवी साडी, एक पाय अनवाणी!

जांभळ्या नऊवारीतल्या काकू, तुम्ही बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिलीत. "लातूरकडची का गं? बोलण्यावरून वाटलं," म्हणत गणेश मंदिरापर्यंत सोबतही आलात. १९२४ सालचं ते देऊळ मला तोवर फक्त रिक्षावाल्याला सांगायची खूण म्हणून ठाऊक होतं.

ढोलपथकातल्या दादा, कापसाबद्दल आभार. ताशाची तर्री, म्हणजे तो सलग कडकडाट, सुरू झाली तेव्हा कान वाचले, छातीतली धडधड मात्र तुमच्याच नावावर. पुढे मंचावर भूपाळी लागली, तेव्हा पायरीवर सरकून मला जागा करून देणारे आजोबा, तुमचेही. (गाणाऱ्यापेक्षा तुमचा ठेका पक्का होता.)

काकू, पिन अजून माझ्याकडेच आहे. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला येणार आहे, दिसलात तर परत करते.